प्रश्न तुमचे: आरोग्यातली विषमता अभ्यासायचीय, सुरुवात कुठून करू?

गेल्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे समाजशास्त्र शिकून आरोग्यातल्या विषमतेवर संशोधन करणं हे नेमकं कसलं करिअर आहे त्याबद्दल, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, दोन-तीन मुद्दाम आहेत तसेच ठेवलेत. वीसहून जास्त वर्षं हेच करतेय त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. तुम्ही आजारांवर काम करता पण डॉक्टर नाही, हे घरी सांगितलं तर कुणाला काही कळलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नाही. तुम्ही नेमकं करता काय?

घरी असं सांगून बघ. डॉक्टरसमोर एक पेशंट येतो, त्याला काय झालंय आणि आता काय करायचं हे डॉक्टर बघते. आम्ही त्या पेशंटच्या मागची रांग बघतो. रांगेत कोण उभं आहे, कुठून आलंय, कोण फार उशिरा आलंय, आणि कोण यायला हवं होतं पण आलेलंच नाही. हा शेवटचा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो दवाखान्याच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही, त्याला शोधायला घराघरात जावं लागतं.

एक उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली एक आयोग नेमला होता, आरोग्य ठरवणारे सामाजिक घटक तपासायला, मायकल मार्मट त्याचे अध्यक्ष. त्यांच्या २००८ च्या अहवालात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे आकडे होते. शहरातल्या कॅल्टन भागात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं, आणि तिथून थोड्याच मैलांवर असलेल्या लेन्झीत ८२. म्हणजे २८ वर्षांचा फरक! हवा तीच, देश तोच, सरकारी दवाखाने दोन्हीकडे आणि तेही मोफत. मग ही २८ वर्षं गेली कुठे? हे शोधणं म्हणजे आमचं काम.

आणि हा प्रश्न काही आजचा नाहीये. १८२० च्या दशकात लुई-रेने व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसच्या वेगवेगळ्या भागांतले मृत्यू तपासले. नदी जवळ असली की माणसं जास्त मरतात, वारा कोंडला की मरतात, गर्दीने मरतात, असं तेव्हा लोक धरून चालायचे. त्याने एकेक गोष्ट ताडून बघितली आणि काही केल्या जुळेना. जुळली ती गरिबी. ज्या भागात भाडं इतकं कमी की घरांना करच लागत नाही अशी घरं जास्त, तिथे मृत्यूही जास्त. कॉम्प्युटर नाही काही नाही, हाताने मांडलेले तक्ते, पण प्रश्न विचारायची पद्धत आम्ही आज वापरतो तीच.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात पक्की बसव, प्रत्येक फरक म्हणजे विषमता नव्हे. म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा जास्त आजार होतात, हा नुसता फरक झाला. पण एकाच वयाच्या दोन बायका, एकीला शिकायला मिळालं आणि दुसरीला नाही, आणि त्या दुसरीचे गुडघे, डोळे, हृदय सगळंच दहा वर्षं आधी थकतं, तर तो फरक टाळता आला असता. टाळता येत होता, गरज नव्हती, आणि तो न्याय्यही नाही, अशा तीन कसोट्या लागल्या की आम्ही त्याला विषमता म्हणतो. ही मांडणी मार्गारेट व्हाइटहेड या ब्रिटिश संशोधकांची, १९९० च्या आसपासची, आणि अजून तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

मॅडम, राग मानू नका पण स्पष्ट विचारतो. लोक दारू पितात, सिगारेट ओढतात, व्यायाम करत नाहीत, गोळ्या वेळेवर घेत नाहीत आणि आजारी पडतात. यात समाजशास्त्र काय करणार? सवयी सुधारा म्हणावं, झालं.

राग कशाला मानू, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच आणि तो सोडवण्यातच माझी अर्धी नोकरी गेलीय म्हटलं तरी चालेल.

आधी लंडनला जाऊ. १९६७ साली तिथे सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे पगारदार, सगळे एकाच शहरात ऑफिसात काम करणारे, कुणी उपाशी नाही, कुणी बेघर नाही. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचं, म्हणजे निरोपे, दारवान वगैरेंचं, हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. बरं फक्त तळाला आणि माथ्याला फरक असता तर एक वेळ समजलं असतं, पण मधल्या प्रत्येक पायरीवर तेच, खालची पायरी वरच्या पायरीपेक्षा वाईट. आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरून वजा केलं तरी फरकाचा मोठा भाग तसाच शिल्लक राहिला. म्हणजे सवयी हा उत्तराचा एक तुकडा झाला फक्त. पुढे १९८५ साली दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात बायकाही घेतल्या, आणि त्यातून दिसलं की कामाच्या ठिकाणी स्वतःच्या हातात किती आहे, जागेवरून कधी उठायचं, कुठलं काम आधी करायचं, हे ठरवायची मुभा किती आहे, याचाही हृदयाशी संबंध लागतो.

आता सवयींकडे येते, कारण सवयीसुद्धा आकाशातून पडत नाहीत. हिलरी ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, लहान मुलं सांभाळणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या आयांशी बोलून त्यांचा दिवस समजून घेतला. दिसलं काय, तर सगळा दिवस दुसऱ्यांचं करण्यात जातो आणि सिगारेटची ती पाच मिनिटं तेवढी स्वतःची, घर न सोडता, मुलांवर नजर ठेवून मिळणारी. त्या बाईला सिगारेट वाईट हे माहीत होतं. तिला पोस्टर दाखवून काय होणार? तिला पाच मिनिटं दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळतील हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारायला तिच्याजवळ बसावं लागलं.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. करिअरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका सर्व्हेत होते, दीर्घ आजाराची औषधं लोक नियमित घेतात का ते बघायचं होतं. एका बाईंकडे गेले, रात्रपाळीत साफसफाईचं काम करायच्या. फॉर्मवर प्रश्न होता, औषध नियमित घेता का, हो की नाही. त्या म्हणाल्या हो. फॉर्मप्रमाणे मी पुढे जायला हवं होतं, पण त्यांनी बोलता बोलता गोळ्यांची पट्टी हातात दिली आणि तिच्यात जेवढ्या गोळ्या उरायला हव्या होत्या त्याच्या कितीतरी जास्त होत्या. मी काही बोलले नाही, नुसतं बघितलं. त्यांनी चार घड्या घालून ठेवलेला डॉक्टरचा कागद काढला, घडीवर तो फाटायला आला होता, आणि त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. म्हणाल्या, मी दोनदाच जेवते, मग गोळीही दोनदाच घेते, कागदात लिहिलंय तसंच करते ना मी?

त्या अगदी बरोबर होत्या. कागदाचं तंतोतंत पालन करत होत्या. माणूस दिवसातून तीनदा जेवतो हे ज्याने कागद लिहिला त्याने गृहीत धरलं होतं, आणि आमच्या फॉर्मनेही. आमच्या रिपोर्टमध्ये त्या "औषधात अनियमित" या रकान्यात गेल्या असत्या आणि खाली कुणीतरी शिफारस लिहिली असती, जनजागृती करा. त्या दिवशी मी घरी जाऊन सगळे प्रश्न परत लिहायला घेतले. आजही नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना हीच गोष्ट पहिल्या दिवशी सांगते.

यामागचा जो मोठा विचार आहे तो ब्रूस लिंक आणि जो फेलन या अमेरिकी संशोधकांनी १९९५ साली मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आजार बदलतात, एका काळात कॉलरा असतो दुसऱ्या काळात हृदयविकार, उपायही बदलतात, पण दरी काही जात नाही. कारण पैसा, माहिती, सत्ता, प्रतिष्ठा आणि ओळखीपाळखी ज्यांच्याकडे असतात ते कुठल्याही काळात, कुठल्याही आजारात, नवा उपाय आधी गाठतात. एक रस्ता बंद केला की विषमता दुसऱ्या रस्त्याने येते. तेव्हा सवयी सुधारा म्हणायला माझी ना नाही, पण सगळं खापर त्या एकट्या माणसावर फोडून मोकळं व्हायला माझी ना आहे.

मला हा विषय मनापासून आवडतो पण आकडे दिसले की पोटात गोळा येतो. मुलाखती घेऊनच काम भागणार नाही का?

भागतं, कितीतरी चांगले संशोधक फक्त मुलाखती आणि निरीक्षणावर काम करतात. पण तू भीतीपोटी आकडे सोडू नकोस असं मी म्हणेन. आवडत नाहीत म्हणून सोडले तर ठीक. भीतीने सोडलेस तर आयुष्यभर दुसऱ्याने काढलेल्या आकड्यांवर मान डोलवावी लागेल, आणि आमच्या विषयात आकड्यांमध्ये बरंच पाणी मुरतं.

हे बघ, नुसती वजाबाकी आणि भागाकार येत असेल तरी कळेल. समज एका ठिकाणी गरीब गटात हजारामागे १०० बाळं दगावायची आणि श्रीमंत गटात ५०. काही वर्षांनी गरीब गटात ६० झाली आणि श्रीमंत गटात २०. आता विषमता कमी झाली की वाढली? वजाबाकी कर, आधी ५० चं अंतर होतं आता ४० चं, म्हणजे कमी झाली. भागाकार कर, आधी दुप्पट होतं आता तिप्पट, म्हणजे वाढली. दोन्ही खरं आहे! एक मंत्री पहिला आकडा घेऊन भाषण करेल आणि विरोधक दुसरा घेऊन, आणि तुला दोन्ही ओळखता आले पाहिजेत, दोन्ही एकत्र छापता आले पाहिजेत. हे आकडे मी उदाहरणासाठी बनवलेत, पण असा पेच खऱ्या डेटात हमखास येतो.

आर किंवा स्टाटा यापैकी एक सॉफ्टवेअर शीक, रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते ते काढायची पद्धत, समजून घे, नमुना कसा निवडतात ते शीक आणि कुठलंही प्रमाण दिसलं की छेद काय धरलाय, म्हणजे कितीजणांपैकी, हे विचारायची सवय लाव, एवढं पहिल्या दोन वर्षांत पुरे. मी स्वतः पीएचडीत असताना रिग्रेशन दोनदा शिकले, पहिल्यांदा पाठ करून आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या डेटावर, आणि दुसऱ्यांदाच कळलं.

आणि मुलाखती करणाऱ्यांनाही आकडे लागतातच, कुठे जाऊन बसायचं हे तेच सांगतात. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची भयंकर लाट आली होती, ७०० हून जास्त माणसं गेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर दोन शेजारशेजारच्या वस्त्या निवडल्या, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. दोन्हीकडे गरिबी होती, एकटी राहणारी म्हातारी माणसंही दोन्हीकडे होती, पण मृत्यूचं प्रमाण पहिलीत दुसरीच्या दहापट. इथपर्यंत आकड्यांनी आणलं. पुढे तो रस्त्यांवर फिरला, लोकांशी बोलला, तेव्हा दिसलं की साउथ लॉन्डेलमध्ये रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, म्हातारी माणसं पायी बाहेर पडू शकत होती आणि दुकानाच्या गारव्यात थांबू शकत होती. नॉर्थ लॉन्डेलमधले कारखाने-दुकानं कधीच बंद पडलेली, घरं ओस, बाहेर पडायची भीती, म्हणून माणसं बंद खोल्यांत गुदमरली. हे कुठल्या रकान्यात आलं असतं सांग?

मी आठ वर्षं नर्स आहे. वॉर्डमध्ये रोज जे बघते त्याने जीव तुटतो, तीच तीच माणसं परत परत येतात. आता संशोधनात यावंसं वाटतं पण पुन्हा विद्यार्थी होऊन शून्यातून सुरुवात करावी लागेल का?

शून्यातून अजिबात नाही. तीच तीच माणसं परत येतात हे तुमच्या लक्षात आलं ना, तो एक संशोधनाचा प्रश्नच आहे, फक्त अजून तो प्रश्न म्हणून लिहिलेला नाहीये. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समध्ये साधे फॅमिली डॉक्टर होते, खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करायचे, आणि रोज बघून बघून त्यांनी १९७१ साली लिहिलं की जिथे चांगल्या उपचारांची गरज सगळ्यात जास्त तिथे ते सगळ्यात कमी मिळतात. उलटा नियम म्हणून तो आजही शिकवतात. ते कुठल्या विद्यापीठात बसून सुचलेलं नव्हतं.

सोयीचा मार्ग म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, शक्यतो जिथे समाजशास्त्राचे पेपर घेता येतात अशी. बऱ्याच ठिकाणी नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. पहिलं वर्ष वाचन जड जाईल हे आधीच सांगते, सिद्धांताची भाषा नर्सिंगच्या भाषेपेक्षा फार वेगळी आहे, घाबरू नका, सहा महिन्यांत अंगवळणी पडते.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. वॉर्डमध्ये तुम्हाला चटकन निर्णय घ्यायची आणि सांगायची सवय लागलीय, हे करा, ते करू नका. मुलाखतीत तीच सवय आड येते. समोरचा म्हणाला मी गोळी बंद केली की तुमच्या तोंडून लगेच सल्ला निघेल आणि तो माणूस तिथेच मिटेल. माझ्याबरोबर दोन नर्सेसनी काम केलंय, दोघीही उत्तम संशोधक झाल्या आणि दोघींनाही गप्प बसायला शिकायला जवळजवळ वर्ष लागलं. युनिफॉर्म घालून मुलाखतीला जाऊ नका, आणि स्वतःच्या वॉर्डातल्या पेशंटच्या मुलाखती शक्यतो घेऊ नका, तुम्ही त्यांना इंजेक्शन देणारी असताना ते तुम्हाला नाही कसे म्हणणार?

आमची मुलगी यात पीएचडी करायचं म्हणतेय. आम्ही विरोधात नाही, पण पोटापाण्याचं काय? खरं सांगा.

खरंच सांगते. तुमची काळजी अगदी योग्य आहे. मास्टर्सनंतर पीएचडीला तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत कितीही लागू शकतात, देशाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे. त्यानंतर लगेच कायमची नोकरी लागली असं क्वचित होतं, मध्ये दोन-दोन तीन-तीन वर्षांची कंत्राटं असतात, प्रोजेक्ट संपला की पगार संपला. निधीसाठी अर्ज करायचे आणि त्यातले बहुतेक नामंजूर होतात, चांगल्या चांगल्या लोकांचे होतात. मला कायमची जागा मिळेपर्यंत मी तीन कंत्राटं केली आणि त्यातल्या दोन कंत्राटांच्या मध्ये पाच महिने काहीच नव्हतं. ते महिने वाईट होते.

दुसरी बाजू अशी की या विषयाच्या माणसाला फक्त प्राध्यापकीच करता येते असं मुळीच नाही. सरकारी आरोग्य खाती, सांख्यिकी खाती, जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्यासारख्या संस्था, मोठी हॉस्पिटलं, स्वयंसेवी संस्था, धोरणांवर काम करणारे गट, या सगळ्यांना सर्व्हे रचणारी, डेटा वाचणारी आणि लोकांशी नीट बोलता येणारी माणसं लागतात. दोन्ही जमणारी माणसं कमी असतात, म्हणून म्हणते मुलीला आकडेही शिकू द्या आणि मुलाखतीही. मास्टर्सनंतर एक-दोन वर्षं कुठल्या तरी प्रोजेक्टवर रिसर्च असिस्टंट म्हणून काम करून मग पीएचडी ठरवली तर सगळ्यात चांगलं. तिला काम कळेल, हातात थोडे पैसे येतील. आणि फेलोशिप नसेल तर पीएचडीला बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मार्गदर्शक निवडताना मोठं नाव बघू नका, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत ते मुलीला विचारून घ्यायला सांगा, ते विद्यार्थी सांगतात, मोकळेपणाने सांगतात.

पीएचडीचं दुसरं वर्ष, फील्डवर्क सुरू आहे. परवा एक बाई मुलाखतीत रडल्या आणि मला काहीच सुचलं नाही. मी त्यांचं दुःख रेकॉर्ड करून घेऊन जातेय आणि त्याची मला डिग्री मिळणार, हे बरोबर आहे का ताई?

हा प्रश्न मी दोनदा वाचला. तुला हे टोचतंय हे चांगलं आहे, ज्यांना टोचत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आधी हाताशी काय करायचं ते. समोरचं माणूस रडलं की रेकॉर्डर बंद कर, सांगून बंद कर. घाई करू नकोस, पाणी विचार, थांब. आपण आज इथेच थांबू या का असं विचार, आणि ते हो म्हणाले तर खरंच थांब, पुढचे सात प्रश्न राहिले तर राहू दे. पुष्कळदा ते नाही म्हणतात, त्यांना बोलायचं असतं, पण ठरवायचं त्यांनी. जवळ कायम एक कागद ठेव, जवळपास मदत कुठे मिळते, कुणाला भेटायचं, आणि ती माहिती स्वतः फोन करून तपासलेली असू दे, बंद पडलेला नंबर दिलास तर न दिलेला बरा. घरी आल्यावर कुणाशी तरी बोल, तुझ्या गाईडशी किंवा बरोबरच्या मुलीशी, नावगाव न सांगता. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती ठेवू नकोस. हे मी उशिरा शिकले, एका आठवड्यात १४ घेतल्या होत्या आणि शेवटच्या तिघांचं मी धड ऐकलंच नव्हतं, टेप ऐकताना कळलं.

आता डिग्रीचं. तुला मिळणार आणि त्यांना नाही मिळणार, हे खरं आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. करता येतं ते एवढंच की घेतलेलं नीट वापरायचं आणि परत जायचं. मी एका अभ्यासानंतर निष्कर्ष घेऊन त्याच लोकांकडे परत गेले होते, साध्या भाषेत चार पानं लिहून. एका आजोबांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, तुम्ही लिहिलंय आम्हाला दवाखाना लांब पडतो, लांब नाही पडत हो, तिथे गेल्यावर आमच्याशी जे बोलतात ते लांब पडतं. मी दोन वर्षं त्या डेटावर बसले होते, दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं होतं, आणि अपमान मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या वागणुकीतला भेदभाव मोजायचे प्रश्न १९९७ सालीच तयार केले होते, मला ते माहीत होते, तरी मी ते माझ्या फॉर्ममध्ये घातले नव्हते. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यानंतर बदललं. तू परत जा. जायला प्रवासखर्च लागतो म्हणून तो आत्ताच बजेटमध्ये लिहून टाक.

एवढं सगळं करून काही बदलतं का? की नुसते रिपोर्ट?

बदलतं, पण आपल्या वेळापत्रकाने नाही. ब्रिटनमधला ब्लॅक रिपोर्ट बघा. १९७७ साली आरोग्यातली विषमता तपासायला सरकारनेच समिती नेमली, सर डग्लस ब्लॅक अध्यक्ष, समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड सदस्य. रिपोर्ट तयार होईपर्यंत सरकार बदललं. नव्या सरकारला तो नको होता, म्हणून १९८० च्या ऑगस्टमध्ये सुट्टीच्या वीकेंडला जेमतेम २६० टाइप केलेल्या प्रती काढल्या आणि शिफारशी खर्चिक म्हणून बाजूला ठेवल्या. पण लोकांनी तो सोडला नाही, पुढे तो पुस्तकरूपाने आला, जगभर वाचला गेला, आणि १९९७ ला पुन्हा सरकार बदलल्यावर नवी चौकशी बसली, १९९८ ला तिचा रिपोर्ट आला. अठरा वर्षं. टाउनसेंड तेव्हा सत्तरीत होते.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे. एका कार्यालयासाठी रिपोर्ट केला होता, त्यात मी लिहिलं होतं की कमी उत्पन्नामुळे आणि कामाच्या वेळांमुळे लोक उपचार अर्ध्यात सोडतात. मसुदा परत आला तेव्हा ते वाक्य "जागरूकतेच्या अभावामुळे" असं बदललेलं होतं. एवढे दोन-चार शब्द इकडचे तिकडे, पण त्याने सगळा दोष परिस्थितीवरून उचलून लोकांच्या अंगावर टाकला. मी सही करायला नकार दिला, तीन महिने पत्रव्यवहार चालला, शेवटी मूळ वाक्य राहिलं पण परिशिष्टात गेलं. दोन वर्षांनी त्यांच्याच एका दवाखान्याची वेळ संध्याकाळी सातपर्यंत वाढली. माझ्या परिशिष्टामुळे वाढली असं मी म्हणणार नाही, तिथल्या लोकांनी स्वतः मागणी लावून धरली होती. पण मागणी करताना त्यांच्या हातात ते पान होतं, हे मला तिथल्या एका बाईंनी दाखवलं.

मी बारावीत आहे. आत्तापासून काय करू?

तुझ्या ओळखीतली अशी दोन माणसं निवड ज्यांचं काम अगदी वेगळं आहे, आणि त्यांना शेवटचं आजारी पडलात तेव्हा काय काय झालं ते विचार. कधी कळलं, कुणाला सांगितलं, किती दिवस थांबलात, का थांबलात, कामावर काय सांगितलं, पैसे कुठून आले. मध्ये बोलू नकोस. त्यांची परवानगी घेऊन घरी आल्यावर आठवेल तसं सगळं लिहून काढ आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाच. जिथे एकाला एक दिवस लागला आणि दुसऱ्याला तीन आठवडे, त्या ओळीखाली रेघ मार, आणि मला पाठव, मी वाचेन.